प्रकरण साहेबाचे, बदनामी पुण्याची

१८८८ च्या पावसाळ्यात एक इंग्रज गृहस्थ वेष पालटून पुण्याहून मुंबईला निसटला. मुंबईत पोलिसांनी त्याला गाठले. पकडला गेलेला माणूस होता आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड, मुंबई इलाख्याच्या मध्य विभागाचा कमिशनर. पुणे, सातारा, सोलापूर, नगर, नाशिक आणि खानदेश या सहा जिल्ह्यांचा महसुली कारभार त्याच्या सहीने चालत असे. त्याआधी तो मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर होता. ज्या शहरात तो असा तोंड लपवून उतरला, तिथल्या सर्वांत मोठ्या बाजाराला जवळजवळ वीस वर्षे त्याचेच नाव होते.

टिळकांच्या चरित्रांत ‘क्रॉफर्ड प्रकरण’ थोड्या पानांत आटोपते. पुढे येणाऱ्या मोठ्या वादळांच्या मानाने ते लहान, म्हणून चरित्रकार तिथे फार रेंगाळत नाहीत. पण या एका माणसाच्या कारभारावरून सतरा वर्षांच्या अंतराने दोन शहरे हादरली. मुंबई त्यातून उजळ माथ्याने बाहेर आली आणि पुण्याच्या वाट्याला बट्टा आला. हा फरक कशामुळे पडला, ते नीट पाहण्यासारखे आहे.

क्रॉफर्ड मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर झाला १८६५ मध्ये. मुंबईच्या इतिहासातले ते फार वाईट वर्ष. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला होता आणि चार वर्षांत मुंबईत कापसाचे सुमारे ८ कोटी पौंड जादा आले होते. एवढा पैसा ठेवायचा कुठे, तर समुद्र बुजवायच्या कंपन्यांत. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपयांचा भाग ५०,००० च्या वर गेला. कारकुनापासून शेठजीपर्यंत आणि कलेक्टरापासून बॅरिस्टरापर्यंत सारे शेअरबाजाराच्या नादी लागले. युद्ध संपल्याची बातमी आली आणि कापूस कोसळला. १ जुलै १८६५ हा वायदे पुरे करण्याचा दिवस. त्या दिवशी मुंबईतली मोठमोठी घराणी कागदावरच उरली. सरकारची भागीदारी असलेली बँक ऑफ बॉम्बे पुढे बुडाली. तिचा पैसा प्रेमचंद रायचंद आणि त्याच्या वर्तुळातल्या सटोडियांकडे पुरेशा तारणाशिवाय कसा गेला, याची चौकशी १८६८ मध्ये सर चार्ल्स जॅक्सन यांच्या आयोगाने केली. त्या वेळी व्यापारी जगात मुंबईचे नाव घेतले की लोक नाक मुरडत.

अशा शहराची सूत्रे तिशीतल्या क्रॉफर्डच्या हाती आली. १८६५ च्या कायद्याने म्युनिसिपालिटीचा सगळा कारभार एकट्या कमिशनरकडे दिला होता. देखरेखीला ‘जस्टिस ऑफ द पीस’ म्हणवणारे मानकरी होते. टाउन हॉलमध्ये त्यांच्या सभा होत, अंदाजपत्रक त्यांच्यापुढे येई, पण रोजचा खर्च त्यांच्या हातात नव्हता. क्रॉफर्डला काम करायचे होते आणि त्याला थांबवणारे कोणी नव्हते.

काम त्याने केले, हे कबूल करायलाच हवे. कातडी कमावणारे, आतडी धुणारे, रंगारी अशा धंद्यांना त्याने दाट वस्तीतून बाहेर काढले. गटारे खणली, रस्ते रुंद केले, भंगीकामाची व्यवस्था लावली. आरोग्य अधिकारी डॉ. ह्यूलेट यांच्या साथीने त्याने घाणीत रुतलेल्या बेटाला श्वास घेण्याजोगे केले. १८६९ मध्ये किल्ल्याच्या उत्तरेला त्याचा बाजार पुरा झाला. आराखडा विल्यम इमर्सनचा, आणि प्रवेशद्वारावरची उठावशिल्पे जे. जे. कलाशाळेच्या लॉकवुड किपलिंगची. त्या शिल्पांत आपल्याकडचे शेतकरी कोरलेले आहेत. ही गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी.

पैसा मात्र या साऱ्याला पुरेना. घरपट्टी वाढली, सफाईसाठीची हलालखोर पट्टी वाढली, कर्ज वाढले, आणि मंजुरीच्या आधीच खर्च होऊन जाऊ लागले. शेअरबाजार बुडाल्याच्या जखमा ओल्या असताना घरमालक आणि भाडेकरू दोघेही करांखाली वाकले. १८७० च्या अखेरीस करदात्यांची समिती उभी राहिली. नवरोजी फर्दुनजी, विश्वनाथ नारायण मंडलिक अशी जाणती माणसे त्या चळवळीत होती. आक्षेप लाचेचा नव्हता. उधळपट्टीचा होता, आणि कोणाला न विचारता शहराच्या नावावर कर्ज काढण्याचा होता.

३० जून १८७१ रोजी टाउन हॉलमध्ये जस्टिसांची सभा भरली. जेम्स फोर्ब्स यांनी ठराव आणला आणि क्रॉफर्डच्या कारभाराची चिरफाड झाली. लोकांचा रोष इतका होता की क्रॉफर्डच्या बाजूने उठेल त्याची धडगत नव्हती. तरी पंचवीस वर्षांचा एक बॅरिस्टर उठला. फिरोजशहा मेहता त्यांचे नाव. त्यांचे म्हणणे असे की माणूस बदलून भागणार नाही; कर देणाऱ्यांनी निवडलेले प्रतिनिधी कारभारावर नसतील तर उद्या दुसरा क्रॉफर्ड येईल. त्याच वर्षी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी हेच विस्ताराने मांडले, तेव्हा श्रोत्यांनी त्यांची हुर्यो उडवली. क्रॉफर्डला पद सोडावे लागले, आणि फिरोजशहांचे म्हणणे पुढच्याच वर्षी कायद्यात उतरले. १८७२ च्या कायद्याने ६४ जणांची महापालिका झाली आणि त्यातले ३२ करदात्यांनी निवडायचे ठरले. मतदानाचा हक्क थोड्या श्रीमंतांपुरताच होता. तरीही हिंदुस्थानात तेव्हा हे धाडसच होते.

अमेरिकेतल्या न्यूयॉर्कची पापेही याच सुमाराला उघडी पडत होती. १८७१ च्या जुलैमध्ये तिथल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने विल्यम ट्वीडच्या टोळीचे हिशेब छापायला सुरुवात केली. न्यायालयाची एक इमारत बांधताना गवंडी, सुतार, गालिचेवाले यांच्या नावांवर शहराला लाखो डॉलरना लुटले होते, आणि त्यामुळे युरोपातल्या सावकारांचा न्यूयॉर्कच्या रोख्यांवरचा विश्वास उडाला. न्यूयॉर्कमध्ये निवडणुका होत्या तरी चोरी झाली. मुंबईत निवडणुका नव्हत्या आणि चोरी सिद्धही झाली नाही, फक्त बेबंदपणा उघड झाला. दोन्हीकडे शहराची पत सावरली ती हिशेब चव्हाट्यावर मांडल्यामुळे. मुंबईकरांनी साहेबाला घालवले, पण तेवढ्यावर न थांबता हिशेब मागण्याचा हक्कही मिळवला. बुडव्यांचे शहर म्हणून हिणवली गेलेली मुंबई पुढच्या काही वर्षांत नागरी स्वराज्याचा नमुना म्हणून सांगितली जाऊ लागली.

क्रॉफर्ड मात्र सनदी नोकरीत राहिला. कोकणात त्याने काम केले, बढत्या मिळत गेल्या आणि शेवटी तो पुण्याला मध्य विभागाचा कमिशनर झाला. राहणी खर्चिक, हात सढळ, आणि कर्ज जन्माचे सोबती. शेअरबाजाराच्या काळापासून तो देण्यात बुडालेला होता आणि पुढे कधी वर आला नाही. हाताखालच्या जिल्ह्यांतले सावकार, सरदार, जहागीरदार यांच्याकडून तो कर्जे घेई. सनदी नोकराला हे सक्त मना होते. ज्याच्या वतनाचा निकाल उद्या आपल्या टेबलावर येणार, त्याच्याकडून आज पैसे उसने घ्यायचे नाहीत, हे सांगायला खरे तर नियमही लागू नये.

पुण्याची हवा तेव्हा कशी होती, तेही पाहिले पाहिजे. सरकारच्या डोळ्यांत पुणे आधीच खुपत होते. १८७९ च्या मे महिन्यात एका रात्री बुधवारवाडा जळून खाक झाला आणि विश्रामबागवाड्यालाही आग लागली. वासुदेव बळवंत फडके यांचे बंड तेव्हा चालू होते. साहजिकच पुण्याच्या ब्राह्मणांनी इंग्रजी राज्य उलथवायचा कट केला, अशी हाकाटी झाली. न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसावर संशय धरून त्यांची धुळ्याला बदली झाली. पुढे तपासात निघाले काय, तर आग लावणारा सरकारी पुस्तकांच्या डेपोतला एक नोकर होता आणि अफरातफर झाकण्यासाठी त्याने हिशेबाची दप्तरे जाळली होती. म्हणजे चोरी एका नोकराची आणि राजद्रोहाचा ठपका सगळ्या शहरावर. नऊ वर्षांनी हेच मोठ्या प्रमाणावर घडायचे होते.

क्रॉफर्डच्या कचेरीभोवती हनमंतराव नावाचा एक जहागीरदार वावरत असे. साहेबाचा तो जवळचा माणूस. मामलेदाराला बढती हवी असेल, बदली टाळायची असेल, झालेली शिक्षा कमी करून घ्यायची असेल, तर अर्ज कमिशनरकडे जाई आणि बोलणे हनमंतरावाकडे होई, असा आरोप होता. मामलेदार हा त्या काळच्या कारभाराचा कणा. तालुक्याचा वसूल त्याच्याकडे, फौजदारी न्यायाचे अधिकारही त्याच्याकडे. त्याची नेमणूक, श्रेणी आणि बदली कमिशनरच्या हातात. हिवतापाच्या डोंगरी तालुक्यात बदलीचा हुकूम निघाला की म्हातारे आईबाप आणि शाळेत जाणारी मुले असलेला माणूस काय करील, हे बदल्यांच्या राज्यात राहिलेल्या आपल्यासारख्यांना वेगळे सांगायला नको.

ही रीत इंग्रजांनी आणली असेही म्हणता येणार नाही. पेशवाईच्या हिशेबांत ‘दरबारखर्च’ आणि ‘अंतस्थ’ अशा नोंदी असत, आणि अंतस्थ म्हणजे आतून द्यायची रक्कम. ती देणारा कमावीसदार ती गावाकडून काढी. इंग्रजी राज्याने ही खाती दप्तरातून काढून टाकली, पण व्यवहाराची आठवण लोकांच्या हाडीमाशी मुरलेली होती. साहेबाच्या नावाने कोणी हात पुढे केला की देणाऱ्याला फार नवल वाटत नसे. म्हणूनच हनमंतराव साहेबासाठी पैसे घेत होता की साहेबाचे नाव सांगून स्वतःसाठी, हा पुढे सगळ्या खटल्याचा गाभा होऊन बसला.

मुंबईचे गव्हर्नर तेव्हा लॉर्ड रे होते. हेगमध्ये जन्मलेला हा स्कॉटिश उमराव इथल्या इंग्रजी वर्तुळात थोडा परकाच होता. क्रॉफर्डविषयीच्या कुजबुजी आधीच्या गव्हर्नरांच्या कानांवर गेल्या नसतील असे नाही. रे यांनी त्या कानाआड केल्या नाहीत. पोलिसांचे इन्स्पेक्टर जनरल ओमॅनी यांना त्यांनी चौकशीला लावले. अडचण उघड होती. पैसे दिले हे सांगणार कोण? देणारा तोंड उघडेल तर तोही गुन्हेगार ठरणार. म्हणून सरकारने अभय दिले. जो मामलेदार खरी साक्ष देईल त्याला शिक्षा होणार नाही, त्याच्या नोकरीला धक्का लागणार नाही, असे वचन ओमॅनींच्या तोंडून मामलेदारांपर्यंत पोचले. त्यावर विसंबून एकामागून एक मामलेदार बोलू लागले. आपल्या वरिष्ठ गोऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध उघड उभे राहायला तेव्हा केवढे धैर्य लागत असेल! आणि आपणही पैसे दिले, ही कबुली स्वतःच्या गावात, जातीत, सोयऱ्याधायऱ्यांत देणे त्याहून अवघड.

आधी हनमंतरावावर खटला झाला. तो दोषी ठरला आणि तुरुंगात गेला. क्रॉफर्डला निलंबित केले गेले. त्याच सुमाराची ती वेषांतर करून काढलेली पळ. मग १८५० च्या कायद्यानुसार चौकशी आयोग नेमला गेला. अध्यक्ष कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती विल्सन, सोबत क्विंटन आणि क्रॉस्थवेट हे दोन सनदी अधिकारी. यातले क्विंटन तीन वर्षांत मणिपूरच्या उठावात मारले गेले. इतिहासात त्यांचे नाव राहिले ते त्यामुळे. १८८८ च्या ऑक्टोबरपासून पुण्यात काम सुरू झाले. मामलेदार पिंजऱ्यात उभे राहून रकमा सांगत आणि बॅरिस्टर त्यांना लाचखाऊ, खोटारडे, कटवाले म्हणून सोलून काढत.

इंग्रजी समाजाला हे दृश्यच सहन होत नव्हते. पाचच वर्षांपूर्वी इल्बर्ट बिलावरून आगडोंब उसळला होता. गोऱ्याचा न्याय काळ्या न्यायाधीशाने करावा, एवढ्या सूचनेवर गोरे व्यापारी आणि मळेवाले चवताळून उठले होते. इथे तर काळ्यांच्या साक्षीवर एक ज्येष्ठ सनदी अधिकारी जाणार होता. गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांनी रे यांना धारेवर धरले. साक्षीदार ब्राह्मण, पुणे ब्राह्मणांचे. तेव्हा हे पेशवाईच्या राजधानीचे कारस्थान आहे, एवढे म्हटले की साक्षी तपासण्याची गरजच उरत नव्हती. शहराच्या जुन्या बदनामीचा असा सोयीस्कर उपयोग झाला.

आयोगाने क्रॉफर्डला लाचेच्या आरोपांतून मोकळे केले. हनमंतरावाने पैसे घेतले, पण ते साहेबापर्यंत पोचल्याचे सिद्ध झाले नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. हाताखालच्या मुलुखातल्या नेटिवांकडून कर्जे घेतल्याबद्दल तो दोषी ठरला. मुंबई सरकारला हा निकाल पटला नाही. काही आरोप शाबीत झाले आहेत असे त्यांचे मत होते. लंडनमध्ये भारतमंत्री लॉर्ड क्रॉस यांनी आयोगाचे ऐकले, आणि तरी क्रॉफर्डला नोकरीतून काढले. लाचेबद्दल निर्दोष, कर्जाबद्दल बडतर्फ. तुरुंग नाही, दंड नाही. कागदोपत्री पाहता इलाख्यातल्या सर्वांत मोठ्या लाचप्रकरणात लाच घेणारा गोरा कोणी नव्हताच. होते ते देणारे मामलेदार आणि मधला हनमंतराव.

आणि मग मामलेदारांची पाळी आली. इंग्रजी वर्तमानपत्रे विचारू लागली, ज्यांनी पैसे देऊन हुद्दे मिळवले ते न्यायाच्या खुर्चीवर कसे बसणार? हा प्रश्न खोटा नव्हता, आणि तो टाळून मामलेदारांची बाजू घेणे मला प्रामाणिक वाटत नाही. १८०९ च्या इंग्लंडच्या कायद्याने सरकारी पदाची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली होती आणि तो कायदा हिंदुस्थानातल्या पदांनाही लागू होता. लाच देणाऱ्या मामलेदाराने ती रक्कम पगारातून भरली असेल असे मानणेही भाबडेपणाचे. ती शेवटी रयतेकडून निघणार. ज्या मुलुखाची ही गोष्ट, तिथे १८७५ मध्ये सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले होते, आणि त्यापाठोपाठ १८७६-७७ च्या दुष्काळात माणसे आणि गुरे तडफडून मेली होती. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला त्यात याच यंत्रणेचे चित्र आहे: वरचा गोरा कामगार (म्हणजे अधिकारी) ऐषआरामात आणि खालचा ब्राह्मण कामगार कुणब्याच्या मानेवर. क्रॉफर्ड प्रकरण म्हणजे त्या पुस्तकाला सरकारी चौकशीने जोडलेली पुरवणीच म्हणायची. खटला मात्र घेणाऱ्याचा आणि देणाऱ्यांचा होता. रयत त्यात कुठे साक्षीला नव्हती.

हे सगळे मान्य करूनही एक गोष्ट उरते. सरकारने वचन दिले होते. त्या वचनावरच साक्षी मिळाल्या, आणि साक्षी मिळाल्यावर लंडन आणि कलकत्त्याला वचन जड वाटू लागले. हिंदुस्थान सरकारने १८८९ मध्ये खास कायदा करून साक्षीदारांना खटल्यांपासून संरक्षण दिले. नोकरीचे वचन मात्र पुरते पाळले गेले नाही. ज्यांनी दबावाखाली नव्हे तर आपण होऊन पैसे दिले असे ठरले, त्यांना पदावरून दूर करण्यात आले. कमिशनरच्या मर्जीवर ज्याची भाकरी अवलंबून, त्याने ‘आपण होऊन’ दिले की दबून दिले, हे कोणत्या तराजूने मोजले असेल?

१ सप्टेंबर १८८९ रोजी पुण्यात मामलेदारांच्या बाजूने जाहीर सभा भरली. तीत टिळक बोलले. तेव्हा ते तेहेतीस वर्षांचे होते, ‘केसरी’ त्यांच्या हाती येऊन दोनच वर्षे झाली होती, आणि फर्ग्युसन कॉलेजात त्यांचे गणिताचे तासही चालू होते. त्यांचा मुद्दा सरळ होता: सरकारने दिलेला शब्द सरकारने पाळला पाहिजे. मामलेदारांच्या बाजूने जो दाखला दिला गेला तो खुद्द इंग्लंडचा होता. १७२५ मध्ये लॉर्ड चॅन्सलर मॅकल्सफील्ड चॅन्सरी कोर्टातली पदे विकल्याबद्दल दोषी ठरला आणि त्याला ३०,००० पौंड दंड झाला. पण पैसे देऊन ती पदे घेणाऱ्यांना पार्लमेंटने कायदा करून अभय दिले, कारण त्यांच्या साक्षीवाचून चॅन्सलर सापडला नसता. लंडनच्या चॅन्सरीत जो न्याय झाला तो पुण्याच्या कचेरीत का नको? या प्रश्नाला समाधानकारक उत्तर कधी मिळाले नाही.

टिळकांच्या राजकारणाची ही जवळजवळ सुरुवात. सरकारचे शब्द तोलून पाहण्याची, इंग्रजांचा कायदा इंग्रजांपुढेच मांडण्याची जी रीत पुढे त्यांनी तीस वर्षे चालवली, तिचा पहिला मोठा धडा त्यांना क्रॉफर्ड प्रकरणात मिळाला, असे मी म्हणेन. आणि सहा जिल्ह्यांतल्या कारकुनांना, महालकऱ्यांना, फौजदारांना जो धडा मिळाला तो असा की वरच्याने मागितले तर द्यावे आणि गप्प बसावे. खरे बोललात तर नोकरी जाईल. या धड्याने आपल्या कचेऱ्यांचे जेवढे नुकसान केले तेवढे क्रॉफर्डच्या कर्जांनी खास केले नाही.

पुण्याच्या नावाचे काय झाले, ते आठ वर्षांनी दिसले. १८९७ मध्ये प्लेगच्या दिवसांत प्लेग-अधिकारी रँडचा खून झाला आणि इंग्लंडची वर्तमानपत्रे पुण्यावर तुटून पडली. त्याच वर्षी तिकडे एक पुस्तक निघाले. पुणे आणि दख्खनमध्ये इंग्रजांना झालेल्या त्रासाची ती कैफियत होती, आणि तिचा लेखक होता आर्थर क्रॉफर्ड. पुण्यातून बडतर्फ झालेला अधिकारी आता पुण्याचा जाणकार म्हणून बोलत होता, चित्पावनांच्या कपटाच्या कहाण्या सांगत होता. इंग्रज वाचकांना तो साक्षीदार चालला. ज्यांनी पुण्यात पिंजऱ्यात उभे राहून त्याच्याविरुद्ध साक्ष दिली, त्यांचे पुस्तक कोणी छापले नाही. १९११ मध्ये क्रॉफर्ड वारला, तोवर त्याच्या नावावर कोकणातल्या दंतकथा आणि पोलिसी आठवणींची पुस्तकेही जमा झाली होती.

मुंबईत आणि पुण्यात एवढे अंतर का पडले, याचे माझे उत्तर मी देऊन टाकतो. मुंबईत तक्रार करणारे कर भरणारे होते. त्यांची भाकरी क्रॉफर्डच्या हातात नव्हती. ते टाउन हॉलमध्ये घसा फोडून बोलू शकत होते आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या पेढीवर जाऊन बसू शकत होते. पुण्यात तक्रार करणारे त्याचेच ताबेदार होते. ज्या शहरात खरे बोलणाऱ्याला संरक्षण मिळाले त्या शहराचे नाव सावरले. जिथे त्याच्यावरच गुन्हा उलटला, तिथे गुन्हा शहराच्या माथी आला. १८८८ हेच वर्ष घ्या. त्याच वर्षी, त्याच लॉर्ड रे यांच्या कौन्सिलात, फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या हातून घडलेला मुंबई महापालिकेचा कायदा मंजूर झाला. पुष्कळ दुरुस्त्या सोसून तो आजही चालू आहे. क्रॉफर्डच्या पहिल्या वादळाने सुरू झालेले काम मुंबईत पुरे होत होते, आणि त्याचे दुसरे वादळ पुण्यात नुकते उठत होते.

दोन शहरांत क्रॉफर्ड आणि रे या दोघांची नावे राहिली ती मंडयांवर. मुंबईचा बाजार क्रॉफर्डचा. पुण्यात १८८६ मध्ये अष्टकोनी मनोऱ्याची मंडई उभी राहिली. तिचे नाव रे मार्केट, म्हणजे क्रॉफर्डला पकडणाऱ्या गव्हर्नरचे. मुंबईच्या हार्बर मार्गावर रे रोड नावाचे स्टेशनही आहे, पण तिथे उतरणाऱ्यांत हा रे कोण, हे ठाऊक असणारे विरळाच. पुण्याच्या मंडईचे नाव आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने बदलले, आणि मुंबईच्या बाजाराचे स्वातंत्र्यानंतर. आज दोन्ही इमारतींवर एकच नाव आहे, ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या महात्मा जोतीराव फुल्यांचे. मुंबईच्या बाजाराच्या दारावर किपलिंगने कोरलेले शेतकरी अजून तिथेच आहेत. लोकांच्या तोंडी मात्र तो अजूनही क्रॉफर्ड मार्केटच आहे.